तात्यांचा पहिला पंप

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी तात्यांच्या पिकअपचा डिझेल पंप काढून नवा बसवला. काढलेल्या पंपात काहीही बिघाड नव्हता. त्या कामाचे तात्यांनी एकेचाळीस हजार रुपये मोजले. त्यातले काही त्यांनी मेहुण्याकडून उसने आणले होते. मी ते पैसे निवांत मनाने घेतले, कारण काम बरोबर केलंय याची मला खात्री होती. ती खात्री मोडायला आठ महिने लागले. तात्यांना मी सगळं कधीच सांगून टाकलंय. आता चारचौघांत सांगतोय, कारण तीच खात्री माझ्या धंद्यातल्या पुष्कळांना अजून आहे आणि तिचे पैसे गाडीवाला भरतो.

माझं गॅरेज आळेफाट्याला आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, दूध, कोंबड्या, लग्नाचा मांडव, काहीही असो, आमच्याकडे ते पिकअपमधून जातं. आयटीआयला मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, पण खरं शिक्षण त्याआधी घरच्या विहिरीवर झालं. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. हँडल मारताना वडील म्हणायचे, ‘आधी नोझल बोलतंय का ऐक.’ हँडल सावकाश फिरवलं की नोझलमधून ‘चर्र’ असा आवाज यायचा. तो आला नाही तर कितीही हँडल मारा, इंजिन लागणार नाही, हे मला सहावीत असताना माहीत होतं.

पुढे जीप, टेम्पो, ट्रक हाताखाली आले. त्यांच्या पंपाला आम्ही सरसकट मायको पंप म्हणायचो. मायको ही १९५१ साली सुरू झालेली बंगळुरूची कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश झालं, पण आमच्या तोंडी मायकोच राहिलं. नोझलचा कारखाना नाशिकला सातपुरात, त्यामुळे तो माल आम्हाला घरचाच वाटायचा. तो पंप मला अजून आवडतो. प्रत्येक सिलिंडरसाठी त्यात एक वेगळा एलिमेंट, म्हणजे एक बारीक दट्ट्या आणि त्याला घट्ट बसणारी नळी. खाली कॅम फिरतो, दट्ट्या वर जातो आणि डिझेल पाईपमधून नोझलकडे सुटतं. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ पासून असे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि १९९८ साली मी उघडायचो त्या पंपाचं तत्त्वही तेच होतं. त्याचा कॅम इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असायचा. ही ऑइलची गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

त्या पंपाने खूप सोसलं. पाणी, कचरा, रॉकेल, ड्रायव्हरने तोंडाने ओढून भरलेलं कसलंही डिझेल. एअर धरली तर नोझलकडचे नट सैल करायचे, सेल्फ मारायचा, डिझेलची पिचकारी उडाली की नट आवळायचे, गाडी चालू. काळा धूर, पांढरा धूर, निळा धूर, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. गाडी गेटातून आत येतानाच मी आवाजावरून सांगायचो की दोन नंबरचं नोझल गेलंय, आणि ते बरोबर निघायचं. लांबून लोक यायचे ते त्या कानासाठी. यातूनच माझं एक मत घट्ट होत गेलं. डिझेल गाडी ओढत नाही, एअर नाही, फिल्टर साफ आहे, म्हणजे दुखणं पंपात. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा, नाहीतर दुसरा चढवा. बहुतेक गाड्या तेवढ्याने बऱ्याही व्हायच्या.

मग कॉमन रेलच्या पिकअप आल्या. पंपाला आता चार पाईप नाहीत. तो डिझेल दाबून एका जाड नळीत साठवतो, ती रेल. ती सगळ्या इंजेक्टरना सामाईक. कुठल्या इंजेक्टरने कधी उघडायचं आणि किती वेळ, हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचं कॉम्प्युटर, ठरवतं. पंपाकडे दाब तयार ठेवण्याचं एकच काम उरलं, पण तो दाब कसला! आमच्या भागातल्या पिकअपमध्ये पूर्ण जोर दिला की तो सोळाशे बारच्या आसपास जातो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला साधारण एक बार दाब वाढतो. जगातल्या सगळ्यात खोल समुद्राचा तळ अकरा किलोमीटरच्या जवळपास आहे. म्हणजे तिथल्यापेक्षाही जास्त दाब बोनेटखाली, बोटाएवढ्या जाडीच्या नळीत असतो. एवढा दाब धरायचा तर आतले भाग एकमेकांना किती घट्ट बसले पाहिजेत? दट्ट्या आणि नळी यांत दोन-चार मायक्रॉनची फट. डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो.

हे आकडे मला नंतर कळले. त्या वेळी मी नवीन पंपाकडे बघितलं आणि म्हटलं, पंप तोच आहे, त्याला वायर जोडलीय एवढंच.

तात्यांची तक्रार अगदी स्पष्ट होती. ‘मिस्त्री, सकाळी एका सेल्फात लागते. वाशीला माल उतरवला, चहा पिऊन आलो की मग लागत नाही. दहा-दहा सेल्फ घेते. आणि येताना माळशेज चढताना दम तोडते.’ थंड असताना लागते, गरम झाली की लागत नाही, चढाला ओढत नाही. आज कुणी एवढं सांगितलं तर माझा हात सगळ्यात आधी इंजेक्टरच्या रिटर्नकडे, म्हणजे डिझेल परत नेणाऱ्या नळीकडे जाईल. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून आतल्या आत परत निसटतं. सेल्फ मारताना पंप सावकाश फिरतो, दाब थोडाच तयार होतो, तोही निसटून जातो. रेलमध्ये ठरावीक दाब आल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. गाडी सेल्फ घेत राहते आणि लागत नाही.

मी स्कॅनर लावला. कोड आला, रेल प्रेशर कमी. स्कॅनर खरं तेच सांगत होता. दाब का कमी आहे, हे सांगायचं काम त्याचं नव्हतं, माझं होतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नसेल तर मोटर कमजोर झाली असेल किंवा खाली एखादा नळ उघडा राहिला असेल, हे घरातल्या पोरालाही कळतं. मी एकही नळ न बघता मोटर बदलली.

काम कसं केलं तेही सांगायला हवं, कारण चूक एकच नव्हती. बॅटरीचं टर्मिनल काढलं, हायप्रेशर पाईप सोडला, रिटर्नचे बंजो बोल्ट काढले, पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचा सॉकेट सोडवला, गिअरला पुलर लावला आणि पंप हातात घेतला. सोडलेल्या पाईपांची तोंडं उघडीच राहिली. बाजूला पोरगा ग्राइंडर चालवत होता. तोच जुना पाईप पुन्हा लावला. नवा पंप बसवला, प्रायमर आठ-दहा वेळा दाबला आणि पोराला म्हटलं, ‘मार सेल्फ.’ वीस सेकंद मारला, थांबलो, पुन्हा मारला. बॅटरी बसली म्हणून दुसरी जोडली. पाचव्या-सहाव्या वेळी गाडी लागली.

मायकोच्या पंपाला हे चालून जायचं, कारण त्याच्या कॅमखाली ऑइल असायचं. या पंपात वेगळं ऑइलच नाही. त्यातून जाणारं डिझेल हेच त्याचं वंगण. कोरडा पंप मी पाच-सहा वेळा सेल्फवर फिरवला, म्हणजे तेवढा वेळ तो लोखंडावर लोखंड घासत फिरला. नवा पंप मी पहिल्याच दिवशी, तात्यांच्या डोळ्यांदेखत ओरखडला आणि वर तात्यांना म्हटलं, ‘बघा, कशी लागली!’

गाडी सुधारलीही होती, आणि त्यामुळेच मी फसलो. नवा पंप जुन्यापेक्षा थोडा जास्त देत होता, थंडीचे दिवस होते, त्यामुळे इंजेक्टरची गळती झाकली गेली. ट्रायल घ्यायला आम्ही तात्यांच्या घरापर्यंत गेलो. गोठ्याच्या पडवीला दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम होता, ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या डिझेलचा. त्याला बूच नव्हतं, तोंडावर पत्र्याचा डबा उलटा ठेवला होता. कडेने गंजाचे ओघळ होते. घाई असली की पिकअपमध्येही त्यातलंच डिझेल पडायचं. मी तो ड्रम पाहिला. काकूंनी केलेला चहा घेतला आणि काही बोललो नाही. पाहुणचार घेत असताना त्यांच्या डिझेलला नावं ठेवणं मला बरं दिसलं नाही. त्या संकोचाचा मला आजही राग येतो.

जुलै २०२३. टोमॅटोचे ते दिवस आमच्या तालुक्यात कुणी विसरणार नाही. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. ज्या मालाला कधीकधी तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून तो रस्त्यावर ओतावा लागतो, त्याच्यामागे राखण बसवायची वेळ आली होती. तात्या एका व्यापाऱ्याचे ऐंशी क्रेट घेऊन वाशीला निघाले होते. दीड लाखाच्या वरचा माल. रात्री साडेअकराला मला फोन आला. गाडी माळशेजमध्ये बंद पडली होती.

मुंबईकडे जाताना माळशेज उतरावा लागतो. भरलेली गाडी, पाऊस आणि दोन हातांपलीकडचं दिसू नये असं धुकं. एका वळणानंतर थोडा सपाट तुकडा लागला म्हणून तात्यांनी ॲक्सिलरेटर दिला, तर इंजिनाने काहीच ऐकलं नाही. बोर्डावरचे दिवे लागले. पुढे पुन्हा उतार. अशा वेळी घाबरून क्लच दाबला असता तर इंजिन फिरायचं थांबलं असतं. इंजिन थांबलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही, दोन-तीन दाबांत ब्रेक दगडासारखा होतो. स्टिअरिंग जड होतं. तात्यांनी क्लचला पाय लावला नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तशीच ठेवली. चाकं इंजिनाला फिरवत राहिली, ब्रेक हाताशी राहिला, आणि त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला गटाराला घासत थांबवली. चाळीस वर्षांच्या ड्रायव्हिंगने त्यांना वाचवलं. माझ्या कामाने त्यांना तिथे आणून सोडलं होतं.

मी पोहोचलो तेव्हा ते मागच्या चाकाला दगड लावून, डोक्यावर पोतं घेऊन उभे होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मिस्त्री, पंप तर नवाच आहे ना?’

मी म्हटलं, ‘पंप डुप्लिकेट निघाला असेल, तात्या.’

बोनेट न उघडता, बॅटरी न लावता, मी दुकानदारावर ढकलून मोकळा झालो. त्या रात्री सगळ्यात आधी तोंडातून तेच आलं. पंप अस्सल होता, आणि ते मला माहीत होतं. बिल माझ्याकडे होतं.

दुसरी पिकअप मागवली. भर पावसात चौघांनी ऐंशी क्रेट एकीतून दुसरीत टाकले. माल वाशीला उशिरा पोहोचला, व्यापाऱ्याने भाडं कापलं, आणि तात्यांची गाडी पहाटे दोरीला बांधून आम्ही घाट चढवून परत आणली.

सकाळी गॅरेजमध्ये मी फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. तात्या शेजारी उभे होते. बाटली भरली ती उजेडाला धरली. खाली दोन बोटं पाणी, गढूळ, तांबूस. वर डिझेल. आणि दोन्हीच्या सीमेवर चंदेरी चमक, बाटली हलवली की हलणारी. मिठाईवरचा वर्ख चुरगाळून टाकावा तशी. तो पंपाच्या लोखंडाचा चुरा होता. फिल्टर पंपाच्या आधी असतो. पंपाचा चुरा त्यात यायचा तर तो रिटर्नने टाकीत गेला पाहिजे, टाकीतून पुन्हा वर ओढला गेला पाहिजे. म्हणजे तो सगळीकडे फिरून आला होता. रेलमध्ये, चारही इंजेक्टरमध्ये, टाकीत.

पाणी पाहून मला पडवीतला ड्रम आठवला. चमक पाहून सेल्फ मारणारा पोरगा आठवला. तात्यांना मी त्या वेळी एवढंच म्हटलं की पंप नाशिकला दाखवून आणतो.

नाशिकला पंप-नोझलचं काम करणारा एक मुलगा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तो माझ्याच गॅरेजमध्ये पाने पुसायचा, मग तिकडे गेला, टेस्ट बेंचवर शिकला, आता स्वतः बेंच चालवतो. जाताना मी तात्यांचा पहिला पंपही बरोबर घेतला. तो आठ महिने माझ्या फळीवर सिमेंटच्या पोत्यात पडून होता. काढलेला पंप तात्यांनी मागितला नव्हता, मी दिला नव्हता. जुन्या पंपाला पैसे येतात, ते वळते करावेत असा माझा विचार होता. हेही सांगून टाकतो.

त्याने आधी नवा पंप उघडला. आत बोट फिरवलं तरी ओरखडे हाताला लागत होते. एका बाजूला गंजाचे डाग. मी विचारलं, कोरडा फिरवल्याने की पाण्याने? तो म्हणाला, ‘आता वेगळं सांगता येणार नाही, काका. दोन्ही झालंय.’ मग त्याने पोत्यातला पंप काढला, धुतला, बेंचवर चढवला. दाब चढत गेला. मी काट्याकडे बघत होतो आणि तो कुठे अडखळेल याची वाट बघत होतो. तो अडखळला नाही. किती डिझेल देतोय ते त्याने मोजलं, मापात होतं. बेंच बंद करून त्याने माझ्याकडे बघितलं.

‘काका, हा का काढला होता?’

मी म्हटलं, स्कॅनरवर प्रेशर कमी दाखवत होतं. तो म्हणाला, ‘रिटर्न बघितला होता का?’ मी गप्प राहिलो. तो पुढे एक शब्द बोलला नाही. ज्या मुलाला मी पाने ओळखायला शिकवलं, त्याने माझा तेवढा मान ठेवला. तो मान मला बोलण्यापेक्षा जड गेला.

परत आल्यावर मी कामाची वही काढली. २०१४ पासून त्या दिवसापर्यंत मी कॉमन रेलचे सदतीस पंप बदलले होते. रिटर्न मोजून, म्हणजे पंपाचाच दोष आहे असं ठरवून बदललेला त्यांत एकही नव्हता. त्यांतले काही खरोखर गेलेले असतील. किती, हे मला कधीच कळणार नाही. त्या रात्री मी वहीतली नावं वाचत बसलो होतो. कुणी शेळ्या विकल्या होत्या, कुणी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. पैसे देताना माणसं सांगतात ना कुठून आणले ते. मला सगळ्यांचं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या घरी गेलो. चहाला नको म्हटलं आणि आधी सगळं सांगितलं. पंप चांगला होता, मी न तपासता काढला, नवा कोरडा फिरवून खराब केला, तुमचा ड्रम पाहूनही बोललो नाही आणि घाटात तुमच्याशी खोटं बोललो. तात्या बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते मला उठवतील. त्यांनी विचारलं, ‘मग तो पहिला पंप कुठंय?’

‘गाडीत आणलाय.’

‘तोच बसव मग.’

तो बसवायला मी चार दिवस घेतले. टाकी उतरवून धुतली. तिच्या तळाला तोच चंदेरी गाळ होता. रेल उतरवून साफ करून घेतली. हायप्रेशर पाईप सगळे नवे घातले. ते एकदा आवळले की त्यांची तोंडं त्या जागी बसतात, काढून पुन्हा लावले तर गळण्याची भीती राहते. चारही इंजेक्टर बदलले. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा कोड असतो, तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरला. पाईपांची तोंडं सोडल्याबरोबर टोपणं लावून बंद केली आणि ते चार दिवस गॅरेजमध्ये ग्राइंडर चालू दिला नाही. शेवटी पारदर्शक नळी लावून, तिच्यातला शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत प्रायमर मारत बसलो. हात भरून आला. मग सेल्फ मारला. दुसऱ्या सेल्फला गाडी लागली.

इंजेक्टरपैकी तिसऱ्या नंबरचा आधीपासून गळत होता. तात्यांचं मूळ दुखणं तेवढंच होतं. त्या एकाचे पैसे तात्यांनी दिले. उरलेले तीन माझ्यामुळे गेले होते, ते मी भरले. पहिल्या कामाचे एकेचाळीस हजार मी परत केले, एकदम जमलं नाही, तीन हप्त्यांत केले. बाकीच्या छत्तीस जणांना काय द्यायचं हे मला ठरवता आलेलं नाही. जे भेटतात त्यांना सांगतो. एक जण भांडला. दोन-तीन जण पुन्हा आले नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

आता माझ्याकडे पंपाला हात लावायच्या आधी चार बाटल्या लागतात. सारख्या आकाराच्या चार बाटल्या, चार नळ्या. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न एकेका बाटलीत सोडायचा आणि गाडी काही मिनिटं चालू ठेवायची. लागतच नसेल तर सेल्फवर बघायचं. चारही बाटल्या सारख्या आणि मापात भरल्या तर इंजेक्टर ठीक. एखादी भराभर भरली तर नळ सापडला. याला शंभर रुपयांचंही सामान लागत नाही. त्यानंतर फिल्टरचं पाणी, टाकीकडून येणाऱ्या पाईपात एअर आहे का, रेलचा सेन्सर, मीटरिंग व्हॉल्व्ह. पंप सगळ्यात शेवटी. त्या जुलैपासून माझ्याकडे प्रेशर कमीच्या तक्रारी आल्या त्यांतल्या फार थोड्या गाड्यांना पंप लागला. माझी कमाई घटली. घटायलाच हवी होती.

कॉम्प्युटर शिकलेल्या नव्या पोरांशीही माझं एक भांडण आहे. ते कोड वाचतात आणि कोडात ज्या पार्टचं नाव असेल तो बदलतात. मी आवाज ऐकून पंप बदलायचो, ते पडद्यावर वाचून बदलतात. दोघांनीही गाडीला ‘का’ असं विचारलेलं नसतं.

आणखी एक, हे माझ्या बरोबरीच्या मिस्त्रींसाठी. मायकोच्या दिवसांतली नट सैल करून एअर काढायची सवय हातात मुरलेली आहे. चालू कॉमन रेल गाडीचा हायप्रेशर नट कधीही सैल करू नका, आणि गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. अशा वेळी हळद लावून घरी बसायचं नाही. त्याच घटकेला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की हायप्रेशरचं डिझेल आत गेलंय. ऑपरेशनला उशीर झाला तर बोट जाऊ शकतं, हातही जाऊ शकतो.

डिझेलबद्दल तर मी आता कुणाच्याही घरी, चहा हातात असताना बोलतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्सचं डिझेल आहे, त्यात गंधक दहा लाखात दहा भागांपेक्षा जास्त नसतं. हवेसाठी ते चांगलंच आहे. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा ओशटपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत त्यात वंगण देणारं द्रव्य घालावं लागतं. त्या डिझेलमध्ये चार पैसे वाचावेत म्हणून कुणी रॉकेल ओतलं तर तो पंपाचं तेलच काढून घेत असतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली तर आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं, म्हणून रात्री टाकी भरलेली असावी. ड्रम ठेवायचाच असेल तर बुचाचा, सावलीत, आडवा, आणि तळाची चार बोटं कधी गाडीत ओतायची नाहीत. पेट्रोल पंपावर शंका आली तर डेन्सिटी तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे. फिल्टर वेळेवर बदला आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्याच्याखालचं पाणी बाटलीत काढून बघा. बघायला काही शिक्षण लागत नाही. पाणी खाली बसतं.

पिकअपवाल्यांना माझी विनंती आहे. मिस्त्री ‘पंप गेलाय’ म्हणाला तर त्याला आधी चार बाटल्या लावायला सांगा आणि त्या भरेपर्यंत शेजारी उभे राहा. तो चिडला तरी चालेल. मीही चिडलो असतो. पंप बदललाच तर काढलेला पंप मागून घ्या. तो तुमचा आहे.

तात्यांच्या पडवीत आता ड्रम नाही. त्यांची पिकअप या पावसाळ्यातही आठवड्यातून चार रात्री माळशेज उतरते आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन चढते. वाशीला चहा पिऊन आलं की एका सेल्फात लागते. पंप तोच आहे, मी काढून पोत्यात टाकलेला.